‘गोळी थांबवा’ म्हणजे नेमकी कोणती?

पत्र सांगोला तालुक्यातल्या एका सूनबाईचं आहे. लांब होतं, थोडं आवरून देते.

“काकू, नमस्कार. माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. वय ६१, साखरेची गोळी चालू आहे. २०१७ मध्ये डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, मग किमो, शेक (रेडिएशन), आणि त्यानंतर पाच वर्षं रोज लेट्रोझोलची एक गोळी. २०२३ मध्ये ती बंद झाली. या उन्हाळ्यात कंबर धरली. पेट स्कॅनमध्ये मणक्यात आणि खुब्याच्या हाडात डाग निघाले. तुकडा तपासला तर ईआर, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. डॉक्टरांनी किमो न देता रायबोसिक्लिबच्या रोज तीन गोळ्या दिल्या, २१ दिवस घ्यायच्या आणि ७ दिवस सुट्टी. सोबत पुन्हा तीच लेट्रोझोल, आणि हाडांचं इंजेक्शन. महिन्याने रक्त तपासलं तर न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ८२०. दवाखान्यातून फोन आला, आठवडाभर गोळी थांबवा. थांबवली. पुढच्या तपासणीत १,४०० आले, मग रायबोसिक्लिब सुरू केली. लेट्रोझोलला मात्र मामंजी नको म्हणाले. ‘जी गोळी पाच वर्षं खाऊन रोग आला ती कशाला? मोठी चालू आहे ना.’ आज १७ दिवस झाले. शेजारी म्हणतात, किमो नाही दिली म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले. पुण्याचे भाऊजी म्हणतात, पीआयके-थ्री का कायशी नवी गोळी आलीय, तीही जोडून घ्या, पैशाचं बघू. आणि रक्त वाढावं म्हणून बागेतल्या डाळिंबाचा ग्लासभर रस रोज देतो. आमचं कुठं चुकतंय का?”

अगं, हो, एका ठिकाणी चुकतंय, आणि ते आजच दुरुस्त होण्यासारखं आहे. पत्र वाचून होताच दवाखान्यात फोन कर आणि सरळ सांग: फोनवर ‘गोळी थांबवा’ ऐकून आम्ही दोन्ही थांबवल्या, लेट्रोझोल १७ दिवस बंद आहे, आजपासून सुरू करू ना? ते हो म्हणतील असं मला वाटतं. चुकलेल्या दिवसांच्या गोळ्या एकदम द्यायच्या नाहीत, रोजची एकच. आणि घाबरू नकोस. लेट्रोझोल अंगातून सावकाश उतरतं, निम्मं उतरायलाच साधारण दोन दिवस लागतात. सतरा दिवसांत आभाळ कोसळत नाही. पण सतराचे सत्तर व्हायला नकोत.

मी डॉक्टर नाही, हे या सदरात दरवेळी सांगते. कॅन्सरच्या दवाखान्यात औषधाच्या खिडकीमागे बावीस वर्षं काढली. ही तुमची चूक त्या खिडकीतून मी किती वेळा पाहिली! महाग डबी पदराखाली धरून न्यायची, देवघरात ठेवायची, वेळ चुकू द्यायची नाही. आणि चार पैशांची स्ट्रिप मागच्या महिन्याचीच अजून अर्धी शिल्लक. विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘ती साधीच आहे ना, म्हणून राहिली.’ औषधाची पत किमतीवरून ठरवायची सवय आपल्याला बाजाराने लावली आहे. फोनवर ‘गोळी’ म्हणणाऱ्यांनीही नाव घेऊन सांगायला हवं होतं, तो दोष तुमच्या एकट्यांचा नाही. ८२० आले तेव्हा थांबवायची होती ती रायबोसिक्लिब. पांढऱ्या पेशी तिच्यामुळे उतरतात.

आता मामंजींचा प्रश्न. तो अडाणी प्रश्न नाही, चांगला प्रश्न आहे, आणि त्यांना त्यांच्याच भाषेत उत्तर देता येईल. बागेत ठिबक आहे ना? विहिरीवरची मोटर पाणी ढकलते आणि शेताच्या बांधावरचा कॉक ते ओळीत सोडतो. आत्याबाईंच्या गाठीतल्या पेशींना वाढायला इस्ट्रोजेन लागतं, ईआर पॉझिटिव्ह याचा अर्थच तो. पाळी गेल्यावर अंडाशयं ते बनवत नाहीत, पण चरबीत आणि इतर ठिकाणी अरोमाटेज नावाचं एन्झाइम थोडं थोडं बनवत राहतं. लेट्रोझोल त्या एन्झाइमला अडवतं, म्हणजे मोटर बंद करतं. इस्ट्रोजेनचा निरोप पेशीत पोचला की सायक्लिन-डी नावाचं प्रथिन वाढतं, ते सीडीके-४ आणि सीडीके-६ यांना जागं करतं, आणि ते दोघे पेशीला विभागणीची मोकळीक देतात. रायबोसिक्लिब या दोघांना धरून ठेवतं. तो झाला कॉक.

मोटर चालू ठेवून नुसता कॉक बंद केला तर काय होतं, ते मामंजींनाच विचार. दाब वाढतो आणि पाइप जिथे कच्चा असेल तिथे फुटतो. कॅन्सरची पेशीही तेच करते. सीडीके-४ आणि ६ अडले की सायक्लिन-ई आणि सीडीके-२ या आडवाटेने जाऊ बघते. मागून इस्ट्रोजेनचा जोर चालूच राहिला तर तिला ती वाट शोधायला बळ मिळतं. म्हणून या जोडीतली स्वस्त गोळी ही महागड्या गोळीची करवली नाही. तिच्यावाचून त्या मोठ्या डबीचे पैसेही पुरते वसूल होत नाहीत.

‘पण ती तर पाच वर्षं खाल्ली,’ मामंजी म्हणणार. खाल्ली, आणि ती पाच वर्षं रोग आला नाही. बंद केल्यावर दोन वर्षांनी आला. गोळी चालू असतानाच रोग परतला असता तर डॉक्टरांनी बहुधा लेट्रोझोल सोडून फुलव्हेस्ट्रंट या हॉर्मोनच्याच दुसऱ्या औषधाचं इंजेक्शन धरलं असतं. बंद करून वर्ष उलटल्यावर परतला, म्हणजे पेशी अजून हॉर्मोनच्या औषधाला दबते असं मानायला जागा असते. म्हणून तीच गोळी, या वेळी जोडीने.

हे नुसतं ठिबकचं उदाहरण नाही, मोजलेलं आहे. मोनालीसा-२ नावाच्या चाचणीत पाळी गेलेल्या ६६८ बायका होत्या, साधारण आत्याबाईंसारख्याच, पसरलेल्या आजारावर पहिलंच औषध घेणाऱ्या. निम्म्या जणींना लेट्रोझोल आणि रायबोसिक्लिब, निम्म्यांना लेट्रोझोल आणि तशीच दिसणारी खोटी गोळी. लेट्रोझोल दोन्हीकडे होतं, हे मामंजींना दोनदा वाचून दाखव. जोडी घेणाऱ्यांतल्या निम्म्या बायका ६३.९ महिन्यांपेक्षा जास्त जगल्या. एकट्या लेट्रोझोलवर हाच आकडा ५१.४ महिने होता. म्हणजे एकटी लेट्रोझोलही चार वर्षांवर नेत होती, जोडीने त्यात वर्षभराची भर घातली. रायबोसिक्लिबच्या घराण्यातली एकच गोळी अमेरिकेत हॉर्मोनच्या औषधाशिवाय एकटी द्यायला मंजूर आहे, अबेमासिक्लिब, आणि तीही हॉर्मोनची औषधं आणि किमो दोन्ही घेऊन झालेल्यांसाठी.

शेजाऱ्यांचं म्हणणं फार मनावर घेऊ नकोस. किमो म्हणजे लढाई आणि गोळी म्हणजे माघार, हे आपल्याकडे इतकं घट्ट बसलंय की केस गेले नाहीत तर लोकांना उपचार झाल्यासारखं वाटतच नाही. खरं तर या जातीच्या कॅन्सरवर हॉर्मोन अडवणं हेच सगळ्यांत जुनं नेमकं औषध. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जननं १८९६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं की अंडाशयं काढल्यावर पसरलेल्या स्तनाच्या गाठी विरल्या. तेव्हा इस्ट्रोजेन हे नावही नव्हतं. आणि आजचा हिशेब हवा असेल तर राइट चॉइस नावाची चाचणी आहे. त्यात पाळी चालू असलेल्या किंवा जायला आलेल्या २२२ बायका होत्या, आजार जोरात वाढणाऱ्या, ज्यांना पूर्वी डोळे झाकून दोन औषधांची किमो दिली असती. रायबोसिक्लिब आणि हॉर्मोनच्या औषधावर आजार सरासरी २१.८ महिने आवरून राहिला, किमोवर १२.८ महिने. आत्याबाईंचं वय वेगळं, पण शेजाऱ्यांच्या तोंडाला एवढं उत्तर पुरेल. किमो संपलेली नाही, ती पुढच्यासाठी हातात राखून ठेवली आहे.

एक गोष्ट मात्र घरात कुणीतरी स्वच्छ बोलून घ्या. हाडात गेलेला हा आजार आवरता येतो, मुळापासून जात नाही. ही औषधं जोवर लागू पडताहेत तोवर चालू राहतात, ‘कोर्स’ संपत नाही. हे ठाऊक नसलं की सहा महिन्यांनी स्कॅन चांगला आल्यावर कुणीतरी म्हणतं, आता बास.

८२० या आकड्याने तुझी झोप गेली असेल. ५०० ते १,००० या पट्टीत आल्यावर गोळी थांबवायची, १,००० च्या वर चढले की त्याच मात्रेत सुरू करायची, असा नियमच आहे. तुमच्या डॉक्टरांनी अगदी तेच केलं. मोनालीसा-२ मध्ये दहापैकी सहाजणींचे न्यूट्रोफिल एवढे उतरले होते, पण त्यातून ताप भरण्याची वेळ शंभरात एक-दोघींवरच आली. किमो अस्थिमज्जेतल्या पेशी मारते, त्या नव्याने उगवाव्या लागतात. ही गोळी त्यांना नुसती थोपवून धरते. हात काढला की त्या पुन्हा चालायला लागतात, म्हणून आठवड्यात ८२० चे १,४०० झाले. त्या आठवड्यात रोग वाढला असेल का, या प्रश्नात अडकू नकोस. पण ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री गाडी काढायची.

रायबोसिक्लिबची दुसरी खोड हृदयाच्या ठोक्याची आहे. ईसीजीत क्यूटी नावाचं अंतर ती लांबवू शकते. म्हणून सुरुवातीला आणि पहिल्या फेरीच्या चौदाव्या दिवसाच्या सुमारास ईसीजी काढतात. काढला होता का, फाइल बघ. नसेल तर आजच्याच फोनवर विचार. आणि इथे मला तुझ्या घरातला तो औषधांचा डबा आठवतो, न पाहिलेला, पण प्रत्येक घरात असतो तो. त्यात पॅन्टोप्राझोलसोबत डोम्पेरिडोन असलेली ॲसिडिटीची कॅप्सूल असणार. पोट जळलं की आपण चॉकलेटसारखी काढून देतो ती. डोम्पेरिडोनही क्यूटी लांबवतं. तसंच उलटीचं ऑन्डॅनसेट्रॉन, खोकल्यावर गावचा डॉक्टर पटकन लिहितो ते अझिथ्रोमायसिन, बुरशीवरचं फ्लुकोनाझोल. यांतलं काहीही लागलं तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारायचं. उलट दिशेनेही घोटाळा होतो. टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिटवरचं फेनिटॉइन या गोळ्यांची रक्तातली पातळी पार खाली आणतात. पॅल्बोसिक्लिब या भावंडाची तर रिफॅम्पिसिनमुळे ८५ टक्क्यांनी घसरते. आणि गुळवेलीचा काढा कुणी आणून दिला तर ठेवून घे, आभार मान, देऊ नकोस. कोविडच्या काळात गुळवेल घेऊन यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवले आहेत, आणि रायबोसिक्लिब स्वतःच यकृतावर ताण देते.

भाऊजींची गोळी. पैसे काढायला तयार आहेत हे मोठं मन, पण इथे ते थांबलेले बरे. ते म्हणतात तो मार्ग पीआय-३-के नावाचा, पेशीतला दुसराच पाट. या जातीच्या कॅन्सरमध्ये दहापैकी साधारण चौघींच्या गाठीत पीआयके-थ्री-सीए या जनुकात बदल सापडतो आणि तो पाट सतत वाहता राहतो. त्याला अडवणारं अल्पेलिसिब २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, फुलव्हेस्ट्रंटच्या जोडीनं. ज्यांच्यात बदल होता त्यांचा आजार ५.७ च्या जागी ११ महिने थांबला, ज्यांच्यात नव्हता त्यांना म्हणावा तसा उपयोग नाही. तेव्हा पहिला प्रश्न, आत्याबाईंच्या तुकड्यावर ती तपासणी झाली आहे का?

आणि दुसरा, जास्त महत्त्वाचा: त्यांना साखर आहे. इन्सुलिन आपला निरोप याच पाटातून पोचवतं. पाट अडवला की स्नायू साखर उचलत नाहीत, यकृत आणखी सोडतं. अल्पेलिसिब घेणाऱ्या शंभरातल्या ६४ जणींची साखर वाढली, ३७ जणींची तर जोरात. आता इनाव्होलिसिब आलं आहे, २०२४ मध्ये, आणि ते खरंच पॅल्बोसिक्लिब आणि फुलव्हेस्ट्रंटसोबत तिघांचं मिळून देतात. आजार ७.३ ऐवजी १५ महिने थांबला, भाऊजींनी बहुधा तीच बातमी वाचली असावी. पण त्या चाचणीत एचबीए-वन-सी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६ च्या खाली असणाऱ्यांनाच घेतलं होतं, आणि हॉर्मोनची गोळी चालू असताना किंवा बंद केल्यापासून वर्षाच्या आत रोग परतलेल्यांनाच. आत्याबाई दोन्ही दारांतून आत जात नाहीत. दोन वाटा बंद केल्या तर तिसरीही करू, हे ऐकायला सरळ वाटतं, पण प्रत्येक वाट कॅन्सरच्या पेशीची एकटीची नसते. बुपार्लिसिब नावाचं याच गटातलं औषध मोठ्या चाचण्यांपर्यंत आलं आणि सोडून द्यावं लागलं. यकृत बिघडायचं, माणसं उदास व्हायची.

मात्र ती तपासणी वाया नाही. पुढे कधी ही जोडी लागू पडेनाशी झाली तर पीआयके-थ्री-सीए आणि ईएसआर-वन या दोन जनुकांवर पुढचं औषध ठरू शकतं, आणि रक्तातूनही ती करता येते. फाइलमध्ये चिठ्ठी लावून ठेव.

पैशाबद्दल तू एक ओळसुद्धा लिहिली नाहीस, म्हणून मीच लिहिते. भाऊजींचे पैसे नव्या गोळीपेक्षा चालू गोळी अखंड ठेवायला लागतील. तरीही ओढाताण झाली तर निम्मी मात्रा घरच्या घरी करू नका, एक महिना आड देऊ नका, डॉक्टरांपुढे आकडा ठेवून बोला. पॅल्बोसिक्लिबचं पेटंट भारतात जानेवारी २०२३ मध्ये संपलं, तेव्हापासून कितीतरी कंपन्या ती बनवतात आणि किंमत खूप उतरली आहे. आजार लांबवण्यात तीही चांगली, लेट्रोझोलसोबत १४.५ चे २४.८ महिने. आयुष्य वाढल्याचं मात्र तिच्या चाचणीत ठामपणे दिसलं नाही, रायबोसिक्लिबच्या दिसलं. हे ऐकून मग डॉक्टरांनी ठरवावं. दवाखान्यात महात्मा फुले योजनेचा आरोग्यमित्र बसतो, त्याला काय बसतं काय नाही ते विचार, आणि कंपनीची रुग्णांसाठी सवलत आहे का तेही. आणि हेही सांगते, कारण कुणी सांगत नाही: हॉलंडमध्ये १,०५० बायकांवर सोनिया नावाची चाचणी झाली. निम्म्यांना सीडीकेची गोळी पहिल्यांदाच, निम्म्यांना आधी नुसतं हॉर्मोनचं औषध आणि ते थकल्यावर सीडीकेची गोळी. एकूण आयुष्यात ठाम फरक निघाला नाही. बहुतेकींना त्यात पॅल्बोसिक्लिब होती, म्हणून तो निकाल रायबोसिक्लिबला जसाच्या तसा लावता येत नाही. पण एखाद्या घराला आज पहिल्यापासून जोडी परवडली नाही तर त्यांनी आईला वाऱ्यावर सोडलं असं होत नाही.

हाडांच्या इंजेक्शनआधी दात दाखवले होते का, तेही बघ. दात काढायची वेळ आली तर आधी कळवायचं.

आता एवढं कर. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दोन पेनं दोरीनं बांध. लाल पेन लेट्रोझोलचं, रोज, सुट्टीच्या आठवड्यातही, एकही चौकोन मोकळा नको. निळं रायबोसिक्लिबचं, २१ चौकोन. नव्या डबीतून एका फेरीला ६३ गोळ्या जायला हव्यात, महिनाअखेरीस मोजून बघ. रायबोसिक्लिब उलटून पडली किंवा चुकली तर त्या दिवशी परत द्यायची नाही. आणि पुढच्या वेळी फोनवर कुणी ‘गोळी थांबवा’ म्हटलं की दोन्ही स्ट्रिपा हातात घेऊन नाव वाचून दाखव: ‘रायबोसिक्लिब थांबवू, लेट्रोझोल चालू ठेवू, बरोबर?’

डाळिंबाचं राहिलंच. रायबोसिक्लिब २०१७ मध्ये अमेरिकेत आलं तेव्हाच्या माहितीपत्रकात ग्रेपफ्रूटच्या जोडीला डाळिंबही टाळा असं लिहिलं होतं. औषध पचवणाऱ्या एन्झाइमला ही फळं अडवू शकतात आणि गोळी अंगात गरजेपेक्षा जास्त साचू शकते. न्यूट्रोफिल आधीच उतरलेत, तेव्हा तो रोजचा ग्लास डॉक्टरांशी बोलेपर्यंत बंद. डाळिंबाने पांढऱ्या पेशी वाढत नाहीत, आणि साखर असलेल्या माणसाला ग्लासभर रस तसाही नकोच होता. मामंजींना सांग, पहिल्या प्रतीचा माल यंदा आडतीवरच जाऊ दे.